भोंगेवाल्याने न घेतलेलं नाव

त्याला सगळे ‘हॅलो’ म्हणायचे. अगदी सासूसुद्धा! सभा कुठल्याही पक्षाची असो, माइकवर पहिला आवाज त्याचा असायचा: “हॅलो, हॅलो, चेक!” राजकारणाशी त्याला काडीचं देणंघेणं नव्हतं. भाषण संपलं की वायर गुंडाळायची, भोंगे टेम्पोत टाकायचे आणि घर गाठायचं.

पण निवडणुकीच्या त्या शनिवारी भरसभेत विरोधी पक्षाची माणसं लोखंडी गज घेऊन घुसली. खुर्च्या उडाल्या, खांब आडवे झाले. हॅलोचा मेहुणा वायर सोडवायला वाकला होता, त्याच्या डोक्यात गज बसला. माइक चालू होता, त्यामुळे कवटी फुटल्याचा आवाज अख्ख्या मैदानाने ऐकला. हॅलोनेही स्टँड उचलून दिसेल त्याचं थोबाड फोडलं. मेहुण्याला मारणाऱ्याच्या तोंडाला रुमाल होता, पण मनगटावरचे ठिणग्यांचे डाग हॅलोने ओळखले. तो वेल्डर होता. चर्चमध्ये हॅलोच्याच मागच्या बाकावर बसून बेसूर गाणारा!

दुसऱ्या दिवशी ईस्टर. मेहुणा बेशुद्धच होता.

“माझा भाऊ तिकडे पडलाय, आणि तुम्ही चर्चला भोंगे लावायला निघालात?” बायको कडाडली.

“अगं, पाळकसाहेबांना शब्द दिलाय.”

खरं म्हणजे त्याला तिथे वेल्डर भेटायला हवा होता. आणि तो आला होता, म्हाताऱ्या आईला धरून.

उपासना सुरू झाली आणि फाटकाशी तीसेक लाठ्या गोळा झाल्या. आदल्या दिवशीची सभा भरवणाऱ्या पुढाऱ्याचा उजवा हात, पैलवान, दारालगतच्या हॅलोच्या टेबलाशी येऊन कुजबुजला, “तू त्याला ओळखलंस म्हणे. मारणारा आत आहे ना? माइकवर नुसतं नाव घे. पुढचं आम्ही बघतो.”

“पाळकसाहेब वाचताहेत.”

“वाचू दे की! आम्ही काय देवाच्या आड येतो होय?”

हॅलोने दुसरा माइक हातात घेतला. नाव जिभेवर आलंच होतं. पाळक वाचत होते: प्रभूची कबर रिकामी, मरीया बाहेर रडतेय, मागे उभा असलेला माणूस तिला माळी वाटतो, आणि तो हाक मारतो, “मरिये!”

हॅलो थबकला. ज्याला परवा खिळे ठोकून मारलं, तो उठून आला. आता जगाला ओरडून सांगायला त्याच्याकडे किती नावं होती! न्याय करणाऱ्याचं, पकडून देणाऱ्याचं, हातोडा मारणाऱ्याचं. आणि त्याने हाक कुणाला मारली? रडणारीला!

“घे नाव,” पैलवान गुरगुरला.

“काल माझ्या मेहुण्याला कुणी मारलं, ते मला ठाऊक आहे,” हॅलो माइकवर म्हणाला. “पण मी सांगणार नाही.”

पैलवानाने तोच माइक त्याच्या तोंडात हाणला. दोन दात उडाले. मग लाथा, मग लाठ्या. बरगडी मोडली. बायका किंचाळल्या, बाकं उलटली. तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, “सोडा त्याला! मी मारलं!”

जमाव वेल्डरवर तुटून पडला. त्याचं डोकं फुटलं, हात मोडला. हॅलो रांगत गेला आणि त्याच्या अंगावर आडवा पडला.

“अरे, सरक जरा, गुदमरतोय मी!” वेल्डर खालून विव्हळला.

“गप पड! वर येऊन मरायचंय का?”

पोलीस आले तेव्हाही दोघं तसेच होते.

संध्याकाळी एकाच वॉर्डात तीन खाटा लागल्या. मेहुणा अजून डोळे उघडत नव्हता. पलीकडे वेल्डर, एक हात प्लास्टरमध्ये, दुसरा बेडीत, उशाशी हवालदार. त्याचा घसा कोरडा पडला होता, पण पाणी कुणाकडे मागणार?

हॅलोची बायको उठली. तिने तांब्या उचलला तसा हवालदार पुढे सरसावला. आता ही डोक्यात घालणार!

तिने ग्लास भरला आणि वेल्डरच्या ओठांना लावला.

“पी, मेल्या! माफ केलं असं समजू नकोस. माझं मन अजून तिथवर पोचलेलं नाही.”

त्याने पाणी संपवलं. तिने तांब्या पुन्हा ग्लासावर वाकडा केला.