दिवाण, खुर्ची आणि माझा ओटा

“डॉक्टरबाई जागा सोडून चालल्या म्हणे, त्या समोरच्या काकूंमुळं...” भाजीच्या गाड्यावर शबानाभाभी एवढं बोलली, मला बघितलं आणि मेथी निवडायला लागली.

डॉक्टरबाईंच्या समोरची म्हणजे मीच की!

बाई मनाच्या डॉक्टर. लातुरात आमच्या गल्लीत येऊन त्यांना दोन वर्षं झाली. गोळ्या देत नाहीत, नुसतं ऐकतात. त्यांच्या दारासमोर माझा ओटा. चार वाजले की मी तिथं. मुलगी शाळेतून यायची तेव्हापासूनची सवय. आता ती नांदेडला सासरी. अशा जागी बसल्यावर किस्से शोधावे लागत नाहीत, चालत येतात!

*

पहिल्याच दिवशी मी आत डोकावले. एक दिवाण, आणि त्याच्या उशामागं खुर्ची.

“पेशंट झोपणार आन् तुम्ही मागं बसणार? तोंड न बघता काय कळतं हो?”

“तोंड दिसलं की लोक माझं तोंड बघून बोलतात, काकू.”

*

पडद्याचं माप घ्यायला शबानाभाभीचे रहीमभाई टेलर गेले. “जरा पाठ टेकतो,” म्हणून दिवाणावर आडवे झाले, आणि अब्बांनी पहिल्यांदा कात्री हातात दिली तिथपासून सुरू! बाई पाऊण तास नुसतं “हं”.

रहीमभाई डोळे पुसत बाहेर.

“झालं का माप?” मी विचारलं.

“माप राहूनच गेलं की, काकू!”

*

बाई म्हणायच्या, “मी आधी बघत राहते. अर्थ सांगायची घाई करत नाही.”

मला कुठला तेवढा दम! एक जोडपं यायचं. ती दहा पावलं पुढं, तो मागं. मी गल्लीभर सांगितलं, “घटस्फोट हाय, लिहून घ्या!”

निघाले सख्खे बहीणभाऊ, कंधारचे!

*

हे मात्र चुकलंच माझं. रेणापूरचे एक गुरुजी दर गुरुवारी काखेत छत्री घेऊन यायचे. वेळेच्या आधी येऊन माझ्या ओट्यावर बसायचे आणि मुद्दाम उशिरा आत जायचे. “धाडस व्हत न्हाई, काकू. कुणाला सांगू नका.”

मी त्यांच्या भल्यासाठी बाईंना सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला. “हे त्यांनी मला सांगायचं होतं, काकू.”

पुढचे दोन गुरुवार गुरुजी आलेच नाहीत. आणि आता ही शबानाभाभीची बातमी!

*

गुरुवारी संध्याकाळी गेलेच बाईंकडं. “माझ्यामुळं जागा सोडताय का?”

“जागा नाही सोडत. पेशंटचं दार तेवढं मागच्या गल्लीत केलंय. काहींना तुमच्या ओट्यासमोरून यायला अवघड जातं.”

मी मागच्या दारातून डोकावले, तर पायरीवर गुरुजींची छत्री विसरून राहिलेली. म्हणजे गुरुजी येतात अजून! जीव भांड्यात पडला!

“मग हे पुढचं दार?”

“उघडंच आहे. बसा ना.”

दिवाणावरच टेकले. गल्लीतल्या एकेकाचं सांगत सुटले. बाई “हं”. बऱ्याच वेळानं मागून आवाज आला, “काकू, रोज चार वाजता ओट्यावर कुणाची वाट बघता?”

“दूधवाल्याची!” मी पटकन म्हणाले.

“हं.”

घरी आले, चहा ठेवला. पातेल्यात दूध ओतताना हात थांबला.

आमच्याकडं दूध सकाळी सहाला येतं.