साडेनऊचा सूर्य

तांबरमच्या आमच्या गच्चीवरून सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय सासूबाई कॉफीला शिवत नसत. मग पूर्वेला बावीस मजली टॉवर उठला आणि आमचा सूर्य साडेनऊला उगवू लागला. त्या बिचाऱ्या तांब्या धरून सावलीत ताटकळायच्या.

"सूर्य आहेच की मागे, सोडा पाणी!" मी वैतागायचे.

"सिमेंटाला अर्घ्य देऊ?" त्या म्हणायच्या.

शेवटी ह्यांनी त्याच टॉवरमध्ये अठराव्या मजल्यावर घर घेतलं. पहिल्याच सकाळी सहाला अर्घ्य झालं. कॉफीचा पेला घेऊन सासूबाई मागच्या खिडकीशी गेल्या. खाली, आमच्या टॉवरच्या सावलीत, जुन्या शेजारीण महालक्ष्मीअम्मा आपल्या गच्चीवर तांब्या धरून उभ्या होत्या. हा नेम त्यांना सासूबाईंनीच धरायला लावला होता.