नानांचा घोडा

आमच्या ताईच्या सासऱ्यांना ज्यात घोडा दिसला नाही असं चित्र इंदुरात काढलंच गेलं नाही. महूकडे कुणी चोरून काढलं असेल तर ठाऊक नाही. घराण्याच्या चार पिढ्या होळकरांच्या फौजेत घोड्यावर गेल्या आणि नाना पाचवे, ते शाळेत भूगोल शिकवायला लागले. तेव्हापासून घोडा जो डोळ्यांत शिरला, तो भिंतीच्या ओलीत दिसे, पोह्यांच्या बशीत दिसे. एकदा डॉक्टरांनी छातीचा एक्स-रे दाखवला तर म्हणाले, "वा! काय चौखूर उधळलाय!" डॉक्टर म्हणाले, "मास्साब, वो पसली है."

नव्या चित्रांची प्रदर्शनं म्हणजे तर त्यांचं रणांगणच. "भिया, जरा हटो," म्हणत ते मागे-मागे जात, पाठीमागच्या दोघांचे पाय तुडवत, आणि मग छडीने दाखवत, "ही आयाळ. हा लगाम. लाल रंग म्हणजे घोडा चिडलाय." एका चित्रकाराने खोडी काढायला नुसता निळा कागद टांगला. "नानाजी, इसमें घोड़ा कहाँ है?" मध्यप्रदेश नवानवा झाला होता आणि राजधानी हुकल्यामुळे अख्खं इंदूर रुसलेलं. नाना शांतपणे म्हणाले, "राजधानी के साथ भोपाल चला गया."

अशा माणसाच्या लेकीनेच चित्रकला शिकावी! तिच्या पहिल्या प्रदर्शनात एकच मोठं चित्र होतं: सगळं राखाडी आणि एका कोपऱ्यात हळदीच्या बोटाएवढा पिवळा डाग. तिची आई गेली त्या वर्षी काढलेलं. ताईला ती म्हणाली होती, "वहिनी, नानांनी यातही घोडाच शोधला ना, तर मी पुन्हा ब्रश धरणार नाही." म्हणून त्यांना थोपवायला मला बरोबर धाडलेलं. मी बाहीला धरून कानात सांगितलं, "नाना, आज घोडा नको." पण ऐकतील तर नाना कसले!

ते चित्रासमोर उभे राहिले. मागे सरकले नाहीत. छडी वर गेली नाही. लेक खांबाआड पदर चावत उभी.

शेवटी म्हणाले, "घोडा आहे गं."

तिचा चेहरा पडला.

"पण स्वार उतरून गेलाय."

मग ती खांबाआडून आली, आणि त्या गर्दीत, लहान पोरीसारखी त्यांच्या कोटात तोंड खुपसून रडली. नाना आपले लोकांना दटावत होते, "क्या देख रहे हो भिया? चित्र उधर है!"

आता नाना नाहीत. चित्र ताईच्या बैठकीत आहे. मी गेलो की त्या राखाडीत टक लावून बसतो. घोडा मला मेला अजून दिसलेला नाही. त्या पिवळ्या डागापाशी मात्र कुणीतरी आत्ताच उतरून आत गेलंय असं वाटतं, आणि मी उगाच दाराकडे बघतो.