वांधा न चालणारा करार

तीन वर्षं मी एक टूलकिट बनवत होते आणि आज ते कुणालाही नको आहे. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे कुणी उगाच आशा लावून बसणार नाही.

टूलकिट होतं स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहिणाऱ्या प्रोग्रामरांसाठी. दोन माणसांत जे ठरलं ते प्रोग्राममध्ये लिहायचं आणि ब्लॉकचेनवर, म्हणजे एकाच वेळी शेकडो संगणकांवर, ठेवून द्यायचं. अट पुरी झाली की पैसे आपोआप इकडून तिकडे जातात आणि एकदा ठेवलेला करार कुणालाच बदलता येत नाही. असे करार लिहिताना बारीक चुका फार होतात. त्या पकडायच्या, तयार नमुने द्यायचे, करार आधी खोट्या ब्लॉकचेनवर चालवून दाखवायचा, एवढं सगळं आमच्या टूलकिटमध्ये होतं. आम्ही म्हणजे मी आणि माझी कॉलेजातली मैत्रीण. पाथर्डी फाट्याला खोली भाड्याने घेतली होती, खाली गॅरेज, वर आम्ही. दिवसभर खालून पत्रा ठोकल्याचा आवाज यायचा आणि वर आम्ही जगातला मधला माणूस संपवत बसलेल्या असायचो.

माझा सगळ्यात मोठा अभिमान एका नियमाचा होता. करारात नंतर बदल करायला कुणी जरा फट ठेवली, तर आमचं टूलकिट तो करार पुढे जाऊच देत नसे. मैत्रीण म्हणायची, "अगं, निदान इशारा देऊन सोडून दे." मी ऐकलं नाही. ऐकणं हा माझा स्वभाव नाही आणि तेव्हा मला त्याचा माज होता.

कंपन्यांना पत्रं लिहून झाली. उत्तरं एकाच साच्यातली: कुणी खरोखर वापरलंय का, ते दाखवा. तेव्हा मी वडिलांकडे गेले.

वडील लासलगावच्या पुढच्या एका लहान उपबाजारात नोकरीला होते. कांद्याचा लिलाव ट्रॉलीवरचा माल बघून होतो. नंतर ट्रॉली व्यापाऱ्याच्या खळ्यावर, म्हणजे माल उतरवायच्या आवारात, रिकामी होते आणि खालचा माल वरच्यासारखा निघाला नाही, की व्यापारी वांधा काढतो. मग भाव किती उतरवायचा, ते दोघांच्या मधे उभं राहून ठरवणारा माणूस लागतो. तो माणूस म्हणजे माझे वडील. ओंजळभर कांदे उचलायचे, एक फोडायचा, दोघांच्या तोंडाकडे बघायचं आणि आकडा सांगायचा. रिटायर झाल्यावरही त्यांना फोन यायचे. "भाऊसाहेब, जरा येऊन जा." ते लगेच चपला घालायचे.

वांधा हा शब्द मी लहानपणापासून रोज जेवताना ऐकला आहे. तरीही लिलावाच्या कराराचा नमुना लिहिताना मी तो घेतला नाही. विसरले नव्हते. मला तो बाजारातला दोष वाटत होता आणि आपण दोष काढायला आलोय, असं वाटत होतं.

वडिलांनी कधी कुणाकडे शब्द टाकला नव्हता. माझ्यासाठी टाकला. एक व्यापारी, एक शेतकरी, एक ट्रॉली ठरली. लिलाव झाला, दोघांनी माझ्या मोबाइलवर अंगठा टेकवला, जमलेल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या, एकाने तर पेढे मागितले. ट्रॉली खळ्याच्या फाटकावर पोचल्याची नोंद झाली आणि ठरल्या भावाने पैसे शेतकऱ्याकडे गेले. मी वडिलांकडे बघून हसले. ते माझ्यापेक्षा जास्त खूश होते.

मग ट्रॉलीचा मागचा फाळका उघडला. वरचा कांदा लालबुंद होता. खालचा निघाला साठवणीच्या कांदाचाळीच्या तळाचा, काजळी धरलेला.

"वांधा हाय," व्यापारी म्हणाला.

शेतकरी भांडला नाही. "गड्यांनी भरला, माझं लक्ष नाय राहिलं. भाऊसाहेब सांगतील ते कबूल."

वडिलांनी कांदा फोडला, आकडा सांगितला. दोघांनी माना डोलावल्या. दोन मिनिटांत मिटलं. मग वडील माझ्याकडे वळले. "कर गं तेवढं त्याच्यात."

"होत नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"पैसे गेले. आता भाव कुणालाच बदलता येत नाही. तसंच बनवलंय."

मैत्रीण लॅपटॉपकडे बघत राहिली. शेतकऱ्याने फरकाचे पैसे तिथल्या तिथे हाताने परत केले, तेही हसत. ते मला फार लागलं, कारण आमच्या तीन वर्षांच्या कामावाचून त्यांचं काहीच अडलं नव्हतं. व्यापारी मात्र हसला नाही. "भाऊसाहेब, तुमचा शब्द म्हणून अंगठा दिला. ह्याच्यात तुमचाच निकाल चालत नाय, हे तुम्ही बघितलं नव्हतं?"

फोडलेला कांदा वडिलांच्या हातातच राहिला होता. परतताना गाडीत त्याचा वास येत होता.

मैत्रीण महिन्याभरात पुण्याला नोकरीला गेली. तिला मी दोष देत नाही. दोष द्यायला मला मी पुरेशी आहे. वडिलांचे फोन आधी कमी झाले, मग थांबले. बाजारात त्यांना कुणी वाईट बोललं नाही. फक्त माल न बघता शब्द देणारा माणूस, अशी त्यांची ओळख झाली. जन्मभर दुसऱ्यांचा माल तपासलेल्या माणसाची.

तो नियम मी काढून टाकला. नमुन्यात वांधा घातला: माल उतरेपर्यंत पैसे थांबतील आणि दोघांना मान्य असलेला तिसरा माणूस भाव उतरवू शकेल. काम निघालं आठवड्याभराचं. तीन वर्षांत मला तो एक आठवडा सापडला नव्हता. मग लॅपटॉप घेऊन वडिलांसमोर बसले. तिसऱ्या माणसाची जागा रिकामी होती. म्हटलं, इथे तुमचं नाव टाकते, एकदा चालवून बघू.

ते मेथी निवडत होते. त्यांनी चष्मा लावला, स्क्रीनवरचं सगळं सावकाश, खालपर्यंत वाचून घेतलं, दोन ठिकाणी मला अर्थ विचारला.

"आता बरोबर केलंस," ते म्हणाले. मग जुडी पुढे ओढली. "पण नाव दुसऱ्या कुणाचं टाक. मला आता कोणी बोलवत नाय."