माळ संपल्यावर
कापूर घातलेल्या खोबरेलाचा वास आला की अंधेरीच्या आमच्या गावठाणातलं गल्लीच्या टोकाचं ते बसकं घर आठवतं. नवरा जाऊन वर्ष होत आलं होतं, मुलगी दुबईला, आणि दूधवाला सोडला तर दिवसभर माझं कुणाशी बोलणं होत नसे. फादर म्हणाले, "घरात कोंडून घेऊ नका. गल्लीच्या टोकाला एक म्हातारी एकटी पडून असते, तिचे हातपाय चोळून देत जा." म्हातारी तोंडाने फटकळ. "जोरात चोळ गं, जेवली नाहीस का?" म्हणायची, आणि मी खरंच जेवलेली नसायचे. एका संध्याकाळी देवळाची, म्हणजे आमच्या चर्चची, घंटा झाली, आम्ही दोघींनी मणी ओढत रोझरीची माळ म्हटली आणि मी तेलाची बाटली उचलून निघाले. "थांब! माळ संपली की मोठ्यांचा आशीर्वाद मागायचा, विसरलीस काय?" मी पन्नाशीची, आई गेल्यापासून मागायला कुणी उरलंच नव्हतं. हात जोडून वाकले. तिचा तेलकट हात डोक्यावर टेकला, आणि नवऱ्याच्या मयतालाही न आलेलं रडू मला तिथे आलं. आता ती नाही. माझे गुडघे मीच चोळते. माळ संपली की अजूनही मान आपोआप खाली जाते, आणि मी थोडा वेळ तशीच थांबते.