नोकरी मला, नाव बाबांचं

मंडळी, आज सकाळी आनंदाने उडी मारली आणि कॅनडातल्या किचनर शहरातल्या माझ्या बेसमेंटच्या सीलिंगला डोकं आपटलं. दक्षिण अमेरिकेतल्या एका एअरलाइनने मला पायलट म्हणून घेतलं!

मग ऑफर लेटर नीट वाचलं. वर लिहिलं होतं, 'वेलकम, पायलट वसंत.'

मी नितीन. वसंत माझे बाबा. जळगावचे रिटायर्ड पोस्टमास्तर, जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा बसत नाहीत.

झालं असं, की फॉर्मवर मी आपल्या सवयीने पूर्ण नाव लिहिलं: नितीन वसंत चौधरी. तिकडे नावानंतर आधी वडिलांचं आडनाव येतं, मग आईचं. त्यामुळे त्यांच्या लेखी माझं आडनाव वसंत. युनिफॉर्मचा नेम टॅगही तसाच बनलाय.

एचआरच्या बाई फोनवर म्हणाल्या, "बदलता येईल, पण वर्क परमिटचं सगळं पुन्हा पहिल्यापासून."

घाबरत बाबांना व्हिडिओ कॉल केला. पायलट व्हायचं म्हटल्यावर हेच बाबा माझ्याशी महिनाभर बोलले नव्हते. स्क्रीनवर दाखवलेलं पत्र त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"राहू दे तसंच," म्हणाले. मग आईला हाक मारली, "अगं ऐकलंस का, मला नोकरी लागली!"

सांगा, आता दुरुस्ती कुठल्या तोंडाने मागू?