स्टेजवरची कविता

“हात वर कर गो बाय. सगळ्यांना दिसू देत.”

शेट माईकवरून म्हणाले. शाळेच्या स्नेहसंमेलनाचे ते अध्यक्ष. ग्रामशिक्षण समितीचेही तेच. गावातला काजूचा कारखाना त्यांचाच. समोर सतरंजीवर बसलेल्या बायकांतली एक उठली. तिची मुलगी माझ्या चौथीच्या वर्गात. त्या मुलीने नुकतीच स्वतः लिहिलेली कविता म्हटली होती. आईच्या काळ्या पडलेल्या हातांवरची.

आईने हात वर केले. ओशाळं हसत. संमेलनाला यायचं म्हणून तिने ते राखेने घासले होते, वर खोबरेल चोळलं होतं. दुपारच्या उन्हात हात चकाकले.

“काळे दिसतात काय कोणाला?” शेटनी विचारलं. “मला तर नाय दिसत. कवी लोक जरा वाढवूनच सांगतात.”

लोक हसले.

“पोरगी हाय ओ शेट,” आई म्हणाली. “कायबाय लिवते.”

लोक पुन्हा हसले. पोरगी अजून स्टेजवरच होती. फ्रॉकचा बंद बोटाला गुंडाळत आईकडे बघत होती. आई तिच्याकडे बघत नव्हती.

मग शेट माझ्याकडे वळले. “बाई, ही कविता तुमच्या हाताखालची ना? आडनाव काय म्हणालात तुमचं?”

त्यांना माहीत होतं. तरी मी सांगितलं.

“मोठ्याने सांगा. मागे ऐकू गेलं नाय.”

मी पुन्हा सांगितलं. आता मागे ऐकू गेलं. मागून एक लांबट “हां” आला. त्या “हां”मध्ये माझी वाडी, माझी जात, माझे आजेपणजे सगळे आले.

“तरीच,” शेट म्हणाले, आणि पुढचा नाच सुरू करायला सांगितला.

तरीच. एवढंच. मारलं नाही, शिवी दिली नाही. मी पत्रकं वाचून मोठी झालेली मुलगी. बाप मुंबईहून यायचा तो सभांमध्ये वाटलेली पत्रकं पिशवीत घेऊन. बाराखडीनंतर मी पहिलं वाचलं ते पत्रक. पत्रकात अन्याय ठळक अक्षरात असतो, पुढे उद्गारचिन्ह असतं. इथे तो हसत हसत झाला. “बाय” म्हणत झाला. आणि ज्यांच्यावर झाला त्याही हसल्या.

पालीपासून आत, डांबरी संपते तिथलं हे गाव. मी इथे शिक्षण सेवक म्हणून लागले. योजना नवीच आहे. तीन वर्षं मानधनावर राबायचं, शेरा चांगला असेल तर कायम. शनिवारी सकाळची शाळा असते. शेवटच्या तासाला मी मुलांना पडवीत बसवून कविता वाचून दाखवायचे. पुस्तकातल्या, पुस्तकाबाहेरच्या. मग म्हणायचे, आता तुम्ही लिहा. घरातली एक गोष्ट घ्या, रोज बघता ती. यमक नको. खोटं नको.

बहुतेकांनी गाय लिहिली. ज्यांच्या घरी गाय नव्हती त्यांनीही. या मुलीने लिहिलं:

आईची बोटं काळी.
टरफलातलं तेल पोळतं.
गर पांढरा निघतो,
पेटीत बसून मुंबईला जातो.
बोटं घरी येतात.

मी मोठ्याने वाचलं. मग मागचा एक मुलगा म्हणाला, “माज्या आयशीची पन.” दुसरी म्हणाली, “माजी आयस डाव्या हातानं जेवते, उजव्याची साल गेली की.” मग सगळेच बोलायला लागले. मुलांच्या वाडीतल्या निम्म्या बाया कारखान्यात काजूची बी फोडायला जातात. मुलं हे रोज बघत होती. त्याला शब्द असतात, हे त्यांना त्या शनिवारी कळलं. मलाही. मला वाटलं, हेच ते. याच्यासाठीच बापाने मला शिकवलं.

म्हणून मी ती कविता संमेलनात ठेवली.

सोमवारी त्या बाईला कारखान्याच्या दारातून परत पाठवलं. भांडण नाही. मुकादम म्हणाला, बी कमी आलीय, बोलावू तेव्हा ये. बाकीच्या बाया तिच्या शेजारून आत गेल्या.

मधल्या सुट्टीत ती शाळेत आली. मला वाटलं, शिव्या देईल. शिव्या बऱ्या होत्या. तिने व्हरांड्यात बसून पदराने तोंड पुसलं आणि समजूत घातल्यासारखी म्हणाली, “तिला कविता नको शिकवू बाय. पाढे शिकव. पाढ्यात कोणाचा हात येत नाय.”

मी म्हटलं, तुम्ही खोटं का बोललात? पोरीने खरं लिहिलं होतं.

“तुझी बदली होईल,” ती म्हणाली. “आमची कुठं व्हनार?”

याला उत्तर माझ्या एकाही पत्रकात नव्हतं.

मुख्याध्यापक गुरुजी वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला आले होते, भांडण नको होतं. तेच शेटकडे जाऊन आले. तोडगा घेऊन आले. सव्वीस जानेवारीला त्याच मुलीने नवी कविता म्हणायची, की आई दुसऱ्या दिवसापासून कामावर. कविता गुरुजींनी स्वतः जुळवली होती.

काजू माझ्या कोकणचा,
दाणा दाणा सोन्याचा.
आई माझी राबे छान,
वाढवी गावाची शान.

“चाल तुम्ही बसवा,” गुरुजी म्हणाले. “पोरगी तुमचं ऐकते.”

मी नाही म्हटलं.

“बाई, तीन वर्षं मान खाली घाला. कायम झालात की मग करा काय त्या कविता. शेरा त्यांच्या समितीकडून जातो, ठाऊक आहे ना?”

ठाऊक होतं. मी म्हटलं, मला काढा. हे माझ्या तोंडून शिकवलं जाणार नाही.

आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी तोंडावर नाही म्हटलं. वाटलं, आता काहीतरी होईल. काही झालं नाही. गुरुजींनी चष्मा पुसला, मुलीला आपल्या वर्गात बोलावलं आणि टेबलावर बोटं वाजवत चाल शिकवली. तिचा गळा गोड होता. सव्वीस जानेवारीला तिने हावभाव करून म्हटली. टाळ्या पडल्या. शेटनी स्टीलचा डबा बक्षीस दिला. सत्तावीसला आई कामावर गेली. जाता जाता गुरुजींच्या पाया पडून गेली.

माझ्या नकाराने कुणाचं काही वाचलं नाही. हे मी सजवून सांगणार नाही.

पुढच्या शनिवारी मी पुन्हा मुलांना पडवीत बसवलं. लिहा म्हटलं. मुलं एकमेकांकडे बघत राहिली. त्या मुलीने हात वर केला.

“बाई, खरं लिवू की स्टेजवरचं?”

तिने चिडून विचारलं नव्हतं. रेघेवर लिहू की चौकटीत, असं विचारतात तसं विचारलं. नऊ वर्षांची पोर. एका महिन्यात तिला अख्खं गाव कळलं होतं.

मी म्हटलं, स्टेजवरचं मी शिकवत नाही.

तिने मान डोलावली आणि गाय लिहिली. सगळ्यांनी गाय लिहिली. मी ती वाचली, खाली बरोबरची खूण केली. पडवीतला तो आवाज, “माज्या आयशीची पन” म्हणणारा, पुन्हा आला नाही. येईल असं मला वाटतही नाही.

मला एवढं कळलं आहे. जे बोलायला गावातला एकही मोठा माणूस तयार नव्हता ते एक पोरगी बोलली, आणि त्याची शिक्षा तिच्या आईने भोगली. हे काम पोरांचं नाही. कवितेचंही नाही. ज्याला पगार मिळतो, ज्याची बदली होऊ शकते, त्याचं आहे. माझं आहे.

येत्या ग्रामसभेत मी उभी राहणार. बी फोडणाऱ्या बायांना हातमोजे द्या, एवढंच म्हणणार. टाळ्या पडणार नाहीत. त्या बायाही मान खाली घालतील, कदाचित हसतील. मी या गावची मतदार नाही, म्हणून मला खाली बसवतील. मग त्याच्या पुढच्या ग्रामसभेत पुन्हा उभी राहीन. कायम झाले नाही तरी सभेच्या दिवशी पालीहून चालत येईन, आणि हेच वाक्य म्हणेन.